वाचकांचे प्रश्न : जुने नामवंत लाउडस्पीकर आज कितपत टिकतात?

प्रश्न : काकांनी १९७०च्या सुमारास बोस्टनमध्ये शिकत असताना घेतलेली ‘अकूस्टिक रिसर्च’ कंपनीची एआर-३ए ही स्पीकरची जोडी आता माझ्याकडे आली आहे. वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या भागाच्या) कडेचा फोम हात लागताच भुगा होऊन गळतो आणि एका स्पीकरचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) वाजत नाही. दुकानदार म्हणतात, इतक्या जुन्या वस्तूवर खर्च करू नका, आजचा मध्यम किमतीचा स्पीकरही तिच्यापेक्षा सरस वाजेल. मी मुख्यतः शास्त्रीय गायन ऐकतो. काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे वरच्या स्वरांच्या बाबतीत बरेचसे खरे आहे, खर्जाच्या बाबतीत मात्र ते मला मुळीच मान्य नाही. ‘अकूस्टिक रिसर्च’चे संस्थापक एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली एआर-१ हा स्पीकर आणला, त्यापूर्वी खोल खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी घरात ठेवावी लागत असे. विलचर यांनी पेटी हवाबंद केली, वूफरचा कोन (शंकूच्या आकाराचा हलणारा पडदा) मुद्दाम सैल टांगला आणि त्याला परत जागेवर आणण्याचे काम आत कोंडलेल्या हवेवर सोपवले. कापडाच्या किंवा कागदाच्या कडेपेक्षा हवेची स्प्रिंग कितीतरी एकसारखी वागते, त्यामुळे खालच्या स्वरांतील विकृती एकदम कमी झाली. १९६७ साली आलेल्या आपल्या एआर-३एमध्ये हेच तत्त्व आणि बारा इंची वूफर आहे. पेटीत बसवल्यावर त्याची अनुनाद-वारंवारता (ज्या कंपनसंख्येवर तो सहजच कंप पावतो ती) साधारण ४० ते ४५ हर्ट्झच्या दरम्यान येते आणि त्याखाली आवाज हळूहळू उतरत जातो.

पेटीचा आकार, खर्जाची खोली आणि स्पीकरची संवेदनक्षमता (ठरावीक शक्तीत तो किती मोठ्याने वाजतो) या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मनासारख्या मिळत नाहीत, हा नियम क्लॉस यांचे पुढील काळातील भागीदार जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो, आणि तो साठ वर्षांत बदललेला नाही. आजचा सडपातळ टॉवर स्पीकर खर्ज देतो तो बहुधा पेटीला ठेवलेल्या पोर्टच्या, म्हणजे नळीसारख्या भोकाच्या, आधाराने. नेव्हिल थीले यांनी ऑस्ट्रेलियात १९६१ साली मांडलेले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी विस्तारलेले गणित हाताशी आल्यामुळे अशी पेटी अचूक आखता येते. परंतु पोर्टच्या वारंवारतेखाली तिचा आवाज हवाबंद पेटीच्या दुप्पट वेगाने कोसळतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या आसपास पडतो. तो स्वर, आणि त्याच्या शेजारी डग्ग्याची मींड, आपली जोडी आजही निःसंकोच वाजवू शकते.

वरच्या स्वरांचे चित्र वेगळे आहे. एआर-३एचे छोटे डोम ट्वीटर त्या काळाच्या मानाने आवाज खोलीभर छान पसरवत असत, पण वर जाताना आवाजाची पातळी उतरते, आणि समोरची फळी भोवतालच्या चौकटीत आत बसवलेली असल्यामुळे तिच्या कडांवरून ध्वनी पुन्हा परावर्तित होतो. हे दोष तेव्हाच्या अभियंत्यांच्या उणिवेमुळे राहिले असे मी म्हणणार नाही. ते नेमके पाहण्याची साधनेच अपुरी होती. इंग्लंडमधील केईएफ या स्पीकर कंपनीने १९७०च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने मोजमाप सुरू केले. पुढे फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये श्रोत्यांना स्पीकर दिसू न देता चाचण्या घेतल्या आणि १९८६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : समोरचा आवाज सपाट (सर्व स्वरांना सारखी पातळी देणारा) आणि बाजूंना जाणारा आवाज गुळगुळीत असलेले स्पीकर श्रोत्यांना सातत्याने अधिक आवडतात. आजचा काळजीपूर्वक आखलेला, मध्यम किमतीचा स्पीकरही या कसोटीवर एआर-३एला मागे टाकतो. झांजेचा झणत्कार, व्हायोलिनच्या गजाचा स्पर्श, स-श ही व्यंजने यांत तो फरक ऐकू येईल. गायकाच्या कंठाच्या मधल्या पट्ट्यात तो पुष्कळ कमी जाणवेल.

म्हणून माझे मत असे की जोडी टाकू नये. फोमचा भुगा होणे हा त्या वूफरचा अंत नव्हे. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत आपोआप विघटित होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. कोन आणि कॉइल शाबूत असल्यास नवी कड चिकटवता येते. मात्र ती मूळ फोमइतकीच मऊ हवी. टिकाऊ म्हणून जाड रबराची कड बसवली तर सैल कोनाचे सारे तत्त्वच मोडते. दुरुस्तीनंतर वूफरच्या तळाचे सील पूर्ववत हवाबंद झाले आहे का, हे कोन अलगद आत दाबून पाहावे; तो सावकाश परत आला पाहिजे.

ट्वीटर जळाला असे इतक्यात ठरवू नये. या स्पीकरच्या पाठीमागे मधल्या व वरच्या स्वरांची पातळी कमी-जास्त करण्याची दोन नियंत्रणे आहेत. त्यांच्या आतील संपर्कावर गंज चढून आवाज बंद होणे हे या मॉडेलचे अगदी नित्याचे दुखणे आहे. क्रॉसओव्हरमधील (खालचे-वरचे स्वर वेगळे करून त्या त्या भागाकडे पाठवणाऱ्या मंडलातील) १५० आणि ५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटरही मोजून घ्यावेत, मूल्य वाढलेले असल्यास बदलावेत. आतील तंतुमय भरण काढताना तोंडाला मास्क बांधावा, आणि ते जितके काढले तितकेच परत भरावे, कारण त्याचे प्रमाण आवाजाच्या आखणीचा भाग आहे.

नव्या स्पीकरशी तुलना करायचीच असेल तर दोघांची पातळी आधी जुळवावी. एआर-३ए कमी संवेदनक्षम आहे आणि ४ ओहमचा भार घालते; एकाच ॲम्प्लिफायरवर नुसता स्विच फिरवला की नवा स्पीकर मोठ्याने वाजतो, आणि मोठ्याने वाजणारा आपल्याला चांगला वाटतो. पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरला जाणारा, सर्व स्वरपट्टे असलेला सळसळीसारखा आवाज) वाजवून फोनवरील ध्वनिमापकाने पातळ्या समान कराव्यात, दोन्ही प्रकारांतला एकेकच स्पीकर मोनोमध्ये ऐकावा आणि कोणता वाजतो आहे हे दुसऱ्या कोणाला तरी गुप्त ठेवायला सांगावे.

प्रश्न : मुंबईत क्वाड या ब्रिटिश कंपनीचे १९५७चे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर विकायला आले आहेत. ते आजही अजोड आहेत असे सांगतात. घ्यावेत का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : मधल्या स्वरांच्या स्वच्छतेत त्यांना आजही थोडेच स्पीकर गाठतात, हे मी मनापासून मान्य करतो. क्वाडचे संस्थापक पीटर वॉकर यांच्या या रचनेत कोन नाहीच. विद्युतभारित पातळ पडदा हवेला थेट हलवतो आणि तो इतका हलका आहे की त्याचे स्वतःचे वजन आवाजात जवळजवळ मिसळत नाही. ख्याल गायनातील श्वास आणि सारंगीचे मधले नाद त्यावर फार खरे वाटतात. परंतु हे स्पीकर मोठ्याने वाजत नाहीत, खोल खर्ज देत नाहीत, उत्तम ऐकण्याची जागा एकाच माणसापुरती असते आणि पाठीमागेही तितकाच आवाज जात असल्याने ते भिंतीपासून बरेच पुढे ठेवावे लागतात. मुंबईच्या छोट्या दिवाणखान्यात हे अवघड जाईल.

त्याहून मोठी अडचण हवेची आहे. खर्जाच्या पॅनेलवर सुमारे ६,००० व्होल्ट आणि मधल्या पॅनेलवर १,५०० व्होल्ट सतत असतात. त्यामुळे धूळ खेचली जाते आणि दमट हवेत गळती सुरू होते. विकत घेण्यापूर्वी विजेला जोडून काही तास राहू द्यावेत, मग शांत खोलीत कान लावून तडतड येते का ते पाहावे आणि दोन्ही स्पीकर एकाच पातळीवर वाजतात का ते तपासावे. पॅनेल नव्याने बांधून मिळतात, पण ते काम मोजक्याच ठिकाणी नीट होते आणि वाहतुकीत मोडतोडीची भीती राहते. विक्रेता आधी वाजवून दाखवायला तयार नसेल तर व्यवहार करू नये. आतील भागाला स्वतः हात लावू नये. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहतो.

प्रश्न : बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटरची (प्रक्षेपणाचा आवाज तपासण्याच्या स्पीकरची) मूळ जोडी घ्यावी की नवा स्पीकर? — एक वाचक, पणजी

उत्तर : हा मॉनिटर १९७०च्या दशकात बीबीसीच्या संशोधन विभागाने बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद नियंत्रणकक्षांसाठी घडवला आणि मानवी आवाज तपासणे हे त्याचे काम होते, ते तो आजही उत्तम करतो. तथापि मूळ जोडीची किंमत आता संग्राहकांनी ठरवलेली असते. आतील बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर घडवणाऱ्या केईएफनेच २०१२ साली या मॉनिटरकडे पाहून एलएस५० काढला. त्याची विकृती कमी आहे, तो थोड्या शक्तीत अधिक मोठा वाजतो आणि त्याचे सुटे भाग मिळतात. बोललेला शब्द आणि संथ गायन इतकेच ऐकणार असाल आणि जुनी जोडी वाजवी दरात, जुळलेल्या क्रमांकांसह मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. इतर सर्व संगीतासाठी नवा घ्यावा.