ताप उतरला की खरं लक्ष द्यायचं

प्रश्न : आम्ही इचलकरंजीत राहतो. मुलगा यंत्रमागावर रात्रपाळीला असतो. मागच्या महिन्यात त्याला डेंग्यू झाला. चार दिवस तापाने फणफणला होता. पाचव्या दिवशी अंग गार लागलं, आम्हाला हायसं वाटलं. त्याच संध्याकाळी पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, भरती करावं लागलं. आता बरा आहे. सगळे म्हणतात, पेशी उतरल्या म्हणून असं झालं, पपईच्या पानांचा रस द्यायला हवा होता. घरात नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला ताप आला तर काय करू? नळाला रोज पाणी येत नाही, साठवावंच लागतं.

उत्तर : ताई, मुलाला त्याच संध्याकाळी दवाखान्यात नेलंत, फार बरं केलंत. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेकदा ताप उतरतानाच येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. वॉर्डात मी नातेवाइकांना हेच पुन्हा पुन्हा सांगते, कारण नेमकं त्याच दिवशी सगळे निर्धास्त होतात.

या काळात काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर पोटात, छातीत उतरतं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब ढासळतो. जिवाला धोका मुख्यतः या पाझरण्याचा असतो. पेशी, म्हणजे प्लेटलेट, उतरतात हे खरं, पण आजार ओसरला की त्या आपोआप चढतात. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे 10,000 च्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून देत नाहीत. 60,000 आकडा पाहून प्लेटलेटच्या पिशवीसाठी धावपळ करणारी घरं मी पाहते, तेव्हा जीव तुटतो. त्याच रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, लिहिलेलं असतं. प्लेटलेट उतरत असताना तो आकडा चढू लागला, तर रक्त घट्ट होतंय. डॉक्टरांना तो आवर्जून विचारा. पपईच्या रसाने पाझर थांबतो असा पुरावा नाही. कडू रसाने लेकराला उलटी झाली, तर अंगातलं पाणी आणखी कमी होईल.

मुलीला ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल द्या : वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक नको. ताप झटकन उतरावा म्हणून कमरेत इंजेक्शनही घेऊ नका, पेशी कमी असताना तिथे रक्त साकळू शकतं. ओआरएस, पेज, ताक, शहाळं थोडंथोडं देत राहा. पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचा अंश शोधणारी एनएस-वन तपासणी होते, त्यानंतर शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम. एनएस-वन निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाहीच असं धरू नका.

ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पोट सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्या-नाकातून रक्त येतंय, शी काळी होतेय, हातपाय गार पडलेत, पोर मलूल किंवा चिडचिडी झालीय, सहा तासांत लघवी नाही : यातलं एकही दिसलं तरी सकाळ होण्याची वाट पाहू नका.

पाण्याचं म्हणाल तर साठवा, तुमचा इलाज नाही. पण पिंपांवर फडकं घट्ट बांधा, आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून काथ्याने खसाखसा घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात. पाणी मिळालं की आठ-दहा दिवसांत डास तयार. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायरही बघा. आशाताई अळ्या तपासायला आल्या तर त्यांना मोरीपर्यंत जाऊ द्या.

हा डास दिवसा चावतो. मुलगा रात्रपाळी करून दिवसा झोपतो, म्हणून त्याला मच्छरदाणी दिवसाच लावा. घरात कुणालाही ताप आला तर त्यालाही पहिला आठवडा मच्छरदाणीत ठेवा, नाहीतर त्याला चावलेला डास दुसऱ्याला आजार देतो.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. मुलाला एका प्रकारापासून संरक्षण मिळालं, उरलेल्या तिन्हींपासून नाही, आणि दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो. त्याचे रिपोर्ट जपून ठेवा. पुन्हा कधी ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा.