हळकुंडांची रांग

प्रश्न : माझा साडेतीन वर्षांचा मुलगा हाकेला ओ देत नाही, अंगणात वाळत घातलेली हळकुंडे एका रांगेत मांडत बसतो आणि रांग मोडली की आकांत करतो. डॉक्टरांनी स्वमग्नता (ऑटिझम) सांगितली आहे. मी नोकरी करते म्हणून हे झाले, असे सासूबाई म्हणतात. ते खरे आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अशा ११ मुलांचे वर्णन केले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या थंडपणावर खापर फोडले गेले. हा अन्यायच होता. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या, तेव्हा एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली, तर भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांत तशी एकही नव्हती. एकसारख्या जुळ्यांची जनुके सारखीच असतात; म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा. पुढे २०१३ मध्ये जोन्स आणि क्लिन या संशोधकांना दिसले, की नंतर स्वमग्न ठरलेल्या बाळांचे समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहणे वयाच्या दुसऱ्या ते सहाव्या महिन्यातच घटत जाते. तोवर आपण कदाचित कामावर रुजूही झाला नसाल!

श्रवणचाचणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्यावी. रांग मात्र मोडू नये. शेजारी बसून तिच्या टोकाला आपलेही एक हळकुंड ठेवावे आणि तो वर पाहतो का, याची वाट पाहावी.