आधी मैदान, मग पेपर

प्रश्न : ताई, मी बारावी झाले. पोलीस शिपाई भरतीसाठी क्लासवाल्यांनी पुस्तकांचा गठ्ठाच हातात दिलाय. नेमका अभ्यासक्रम काय? आणि मैदान कच्चं असलं तर लेखीत भरून काढता येतं का?
– एक वाचक, माण

उत्तर : नाही गं, आणि हे तुला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं. शारीरिक चाचणी आधी होते, ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर धावणं २० गुणांना, १०० मीटर १५ ला आणि चार किलोचा गोळा १५ ला. यात निम्मे गुण हवेतच. तेवढे मिळाले तरी लेखीला बोलावतात ते त्या प्रवर्गातल्या जागांच्या दहापटच उमेदवार. म्हणून पहाटेचं धावणं आजपासून सुरू कर. गोळ्याकडे मुली दुर्लक्ष करतात, तू करू नकोस. तिथले गुण सरावानं नक्की वाढतात.

लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, बस्स. किमान ४० टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

त्या गठ्ठ्यातलं व्याकरणाचं आणि गणिताचं एकेक पुस्तक ठेव. बाकी वेळ जिल्ह्याजिल्ह्यांचे जुने पेपर घड्याळ लावून सोडव. निवड यादी मैदान आणि लेखी मिळून दीडशे गुणांवर लागते. जाहिरात आली की त्यातले निकष मात्र स्वतः ओळ न् ओळ वाच, क्लासवर सोडू नकोस.