जुना फिल्म स्कॅनर नव्या कॉम्प्युटरला जोडता येतो का? ड्रायव्हर कुठून मिळेल?

जोडता येतो. पण तुम्ही ड्रायव्हरपासून सुरुवात करताय, ती जरा थांबवा. आधी स्कॅनर फिरवून मागचं पोर्ट बघा, सगळं त्यावर ठरतं.

चौकोनी यूएसबी पोर्ट असेल (निकॉन कूलस्कॅन ५ किंवा ५००० ला असतं तसं), तर निम्मं काम झालंच. साधी प्रिंटरची केबल चालते. निकॉनचं स्वतःचं सॉफ्टवेअर ६४-बिट विंडोजसाठी अधिकृतपणे कधी आलंच नाही, त्यामुळे ते शोधण्यात वेळ घालवू नका. व्ह्यूस्कॅन हे दुसऱ्या कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर घ्या. विकत घ्यावं लागतं, पण असे कितीतरी स्कॅनर आज त्याच्याच जोरावर चालू आहेत.

कूलस्कॅन ४०००, ८००० किंवा ९००० असेल तर पोर्ट फायरवायरचं, म्हणजे यूएसबीहून वेगळ्या, जुन्या जोडणीचं. इथे एक कळकळीची विनंती: एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी स्वस्त केबल मिळते, ती घेऊ नका. ती फक्त पिनांचा आकार बदलते, दोन्हींची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे. डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. मॅकवर थंडरबोल्टचे अ‍ॅडॅप्टर एकापुढे एक लावून जमायचं, पण मॅकओएस २६ मध्ये अ‍ॅपलने फायरवायरच काढून टाकलंय, तेव्हा अपडेट करण्याआधी विचार करा.

खरी कसोटी स्कझीची (SCSI, यूएसबीच्याही आधीची जोडणी). कूलस्कॅन एलएस-२००० किंवा पोलरॉइड स्प्रिंटस्कॅन ४००० यांसारख्या स्कॅनरना हेच पोर्ट असतं. काहींवरचं २५ पिनांचं स्कझी पोर्ट जुन्या प्रिंटर पोर्टसारखंच दिसतं, पण प्रिंटरची केबल त्यात चुकूनही लावू नका, सर्किट जळू शकतं. यूएसबी-स्कझी अ‍ॅडॅप्टर मुख्यतः डिस्कसाठी बनलेले, स्कॅनरला त्यांचा भरवसा नाही. माझं स्पष्ट मत: पीसीआय स्लॉट असलेला एक जुना डेस्कटॉप फक्त स्कॅनिंगसाठी बाजूला ठेवा. त्यात स्कझी कार्ड आणि लिनक्स टाका. लिनक्सच्या सेन (SANE) या स्कॅनर ड्रायव्हरांच्या प्रकल्पात एलएस-२००० साठी तयार ड्रायव्हर आहे.

जोडताना दोन गोष्टी सांभाळा. स्कझीवर उपकरणं एकापुढे एक साखळीत जोडतात आणि प्रत्येकाला वेगळा नंबर, म्हणजे आयडी, लागतो; स्कॅनरच्या मागे त्याचा छोटा स्विच असतो. कार्ड स्वतः सहसा ७ नंबर घेतं, म्हणून स्कॅनरला दुसरा कुठलाही द्या. आणि साखळीच्या शेवटच्या उपकरणाला टर्मिनेटर (साखळी तिथे संपवणारा छोटा प्लग किंवा स्विच) हवाच. तो नसेल तर स्कॅनर कधी दिसतो, कधी गायब होतो, आणि आपण उगाच ड्रायव्हरला दोष देत बसतो. आधी स्कॅनर चालू करा, त्याची घरघर थांबू द्या, मग कॉम्प्युटर सुरू करा. चालू असताना स्कझी केबल काढघाल अजिबात नको.

पोर्ट ओळखता येत नसेल तर मागच्या बाजूचा फोटो टाका, केबल घेण्याआधी. बघून सांगतो.