डिस्पोजेबल इन्कम आणि डिस्पोजेबल ग्लास, शब्द एकच का?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय की कर्जाच्या फॉर्मवर ‘डिस्पोजेबल इन्कम’ लिहा म्हणतात आणि बारशाच्या सामानाच्या यादीत ‘डिस्पोजेबल ग्लास’ असतात, मग इन्कम पण फेकून द्यायचं असतंय काय, का हे दोन वेगळे शब्द आहेत.

शब्द एकच आहे ताई, पण आपल्याला जो अर्थ पहिला आठवतो ना, फेकायचा, तो त्यातला सगळ्यात धाकटा. मूळ लॅटिन ‘डिस्पोनेरे’, म्हणजे वस्तू वेगवेगळ्या करून जागच्या जागी मांडणं, व्यवस्था लावणं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत ‘डिस्पोज’ होऊन आलं आणि सतराव्या शतकात त्याचं विशेषण झालं डिस्पोजेबल. त्याचा एक जुना अर्थ म्हणजे हाताशी मोकळं असलेलं, पाहिजे तिकडं लावता येईल असं. ‘अॅट युवर डिस्पोजल’ म्हणतात त्यात अजून हाच अर्थ जिवंत आहे.

जुनं लष्करी इंग्रजी वाचताना ह्याची फार गंमत कळते. आपल्या कित्तूरची लढाई झाली १८२४ मध्ये, त्या काळातले इंग्रज अधिकारी ‘डिस्पोजेबल फोर्स’ असं सरळ लिहायचे. आजच्या कानाला ते मरायला पाठवायचे शिपाई असं वाटतं, पण अर्थ होता किल्ल्याच्या, ठाण्याच्या पहाऱ्यात अडकून न पडलेली फौज, म्हणजे हुकूम आला की कुठंही हलवता येणारी. मेले तरी चालतील असा अर्थ पाहिजे असेल तर त्याला इंग्रजीत ‘एक्सपेंडेबल’ आहे, तो मुळात स्टोअरच्या हिशेबातला, वापरून संपणाऱ्या मालाचा शब्द, दुसऱ्या महायुद्धात तो माणसांना चिकटला. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घालू नका, फरक मोठा आहे.

डिस्पोजेबल इन्कम ह्याच जुन्या अर्थाचं. पगारातून इन्कम टॅक्स, प्रोफेशनल टॅक्स गेला की जो पैसा तुमच्या मर्जीनं लावायला मोकळा राहतो तो. मराठीत खर्चयोग्य उत्पन्न म्हणतात, मला तर सरळ ‘टॅक्स जाऊन हातात येणारं’ जास्त पटतं. घरभाडं, तांदूळ, पोरांची फी हे सगळं त्यातूनच जातं, ते वजा करून उरलेला पैसा म्हणजे ‘डिस्क्रिशनरी इन्कम’, ते वेगळं. बँकेच्या फॉर्मवर हप्ते धरायचे का नाहीत ते तेवढं विचारून घ्या.

कोर्टाच्या वेबसाइटवर केससमोर ‘डिस्पोज्ड’ दिसलं की लोक घाबरतात, फेटाळली की काय म्हणून. तसं नसतंय, निकाली निघाली एवढंच, कुणाच्या बाजूनं ते आत ऑर्डर उघडून बघायचं.

फेकायचा अर्थ आला विसाव्या शतकात. एकदाच वापरायच्या वस्तू आधीच होत्या, जिलेटच्या बदलायच्या पात्याला १९०४ मध्ये पेटंट मिळालं, कागदी कप पण त्याच सुमाराचे, पण त्यांना हे विशेषण सर्रास लागलं ते १९४० नंतर, आणि सुरुवातीला बाळाच्या लंगोटांना. मग टॉवेल, पेन, सिरिंज. व्यवस्था लावणं ते काढून टाकणं हा प्रवास मराठीनं पण केलाय, विल्हेस लावणं म्हणजे पूर्वी नीट लावून देणं, आणि आज विल्हेवाट म्हटलं की कचराच आठवतो.

आता मराठीत काय म्हणायचं. बरेच जण ‘टाकाऊ ग्लास’ लिहितात, ते मला अजिबात मान्य नाही. टाकाऊ म्हणजे आधीच निरुपयोगी झालेलं. खानापूरकडं पळसाच्या पानाला पान जोडून, बारीक काडी खुपसून पत्रावळ टाचतात, ती एकाच जेवणाची असते पण जेवायला बसायच्या आधी तिला कोण टाकाऊ म्हणेल? उष्टी झाली की मग ती टाकायची. म्हणून ग्लासाला ‘एकदाच वापरायचे’ लिहा, नाहीतर ‘वापरून टाकायचे’. कन्नडमध्ये ‘बळसि बिसाडु’ म्हणतात ते पण हेच, आधी वापर, मग फेक. दुकानात ‘डिस्पोजल द्या’ म्हणतात ते व्याकरणानं नाम आहे, विशेषण नाही, पण बेळगावच्या रविवार पेठेत, बाजारात, तेच चालतंय, तिथं बिनधास्त तसंच मागा, यादीत मात्र मराठी लिहा.