एक्समूरच्या उतारावरचे जुने पाट ओळखताना

पहिल्यांदाच एक्समूरला निघाला आहात, तर फावडं घरीच ठेवा. इंग्लंडच्या या टेकड्यांवरचे पाण्याचे पाट खणून नाही, तिरप्या उन्हात बघून सापडतात. जानेवारीच्या सकाळी समोरच्या उतारावर उभं राहा. गवतात एकाखाली एक आडव्या, पुसट रेघा दिसतील. भर दुपारी त्याच जागी काहीच दिसत नाही.

आपल्याकडे पाटाचं पाणी तहानलेल्या पिकाला देतात. इथे ते ऐन हिवाळ्यात सोडायचे, ऊब मिळावी म्हणून! झऱ्याचं पाणी साधारण १० अंशांचं. ते पाटाच्या खालच्या काठावरून पातळ थरात उतारभर ओघळायचं, जमीन गोठायची नाही आणि गवत लवकर यायचं. चारा संपत आलेला असताना व्यालेल्या मेंढ्यांना हाच आधार. काही ठिकाणी गोठ्याजवळच्या तळ्यातलं शेणपाणीही पाटात सोडत. मला हे फार हुशारीचं वाटतं.

नवखे लोक हमखास फसतात ते मेंढ्यांच्या पायवाटांमुळे. पायवाट चढते, उतरते, तिला फाटे फुटतात. पाट मात्र अगदी मंद उतार धरून जातो. त्याचं वरचं टोक गाठा. तिथे झरा, ओहोळ किंवा तळ्याची जागा असायलाच हवी. बुजलेल्या पाटात लव्हाळी वाढते, तीही खूण.

लोखंडाच्या कारखानदार घराण्यातल्या जॉन नाइट यांनी १८१८ मध्ये इथलं राजवन, म्हणजे राजाच्या शिकारीसाठी राखलेला उघडा माळ, विकत घेतलं. त्या घराण्याच्या शेतांवरही असे पाट आहेत. आधी सरकारी लायडार नकाशे (विमानातून लेसरने जमिनीचे उंचसखल मोजून केलेले) मोफत मिळतात ते बघा, आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय फाटक उघडू नका.