मॅनेजरच्या तोंडापेक्षा पगाराची स्लिप आधी सांभाळा

धंदा मंदावलेल्या दुकानात तोंडाळ मॅनेजरला कसं सांभाळायचं, या तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्यात. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या मॉलमधलं कपड्यांचं स्टोअर, 34 माणसं, नोकरी दोन वर्षं आठ महिने. डिपार्टमेंट मॅनेजर गिऱ्हाइकांसमोर अरेतुरे करून झापतो. स्टोअर मॅनेजर कॅश शॉर्ट (गल्ल्यात कमी भरलेली रोकड) आणि श्रिंकेज (चोरीला गेलेला किंवा हिशेबात न सापडणारा माल) सगळ्यांच्या पगारातून वळते करतो. आणि काही बोललं की 'जमत नसेल तर राजीनामा लिहून दे'. म्हणजे तोंड, पैसे आणि नोकरी. तोंडाचा त्रास रोजचा, म्हणून तो सगळ्यात मोठा वाटतो. पण अशा दुकानातला मॅनेजर सहा महिन्यांत स्वतःच दुसरीकडे गेलेला असेल. कापलेले पैसे आणि तुमच्या लॉगिनवर आलेला ठपका मात्र तुमच्याच गळ्यात राहतो.

तरी तोंडापासूनच सुरुवात करू. झापण्याची वेळ आठवडाभर टिपून बघा. बहुतेक ठिकाणी ती एरिया मॅनेजरच्या सकाळच्या कॉलनंतर, संध्याकाळी ग्रुपवर सेलचा आकडा टाकायच्या आधी आणि महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत येते. दिवसाला 400 फूटफॉल, म्हणजे दुकानात आलेली माणसं, आणि 48 बिलं, तर कन्व्हर्जन, म्हणजे खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण, 12 टक्के. वरून 18 मागतात. रॅकवर एम आणि एल साइजच नसेल तर ते 18 कुठून येणार? हे मॅनेजरला कळतं, वर बोलता येत नाही, मग ते खाली उतरतं. यात त्याला माफी देण्याचा प्रश्न नाही. एवढाच उपयोग, की त्या वेळांना सुट्टी, शिफ्ट बदल, कॉम्प ऑफ (जादा कामाच्या बदल्यात सुट्टी) यातलं काहीही मागायला जाऊ नका. मंगळवार-बुधवारी, दुकान उघडायच्या आधी मागा. आणि ब्रीफिंगमध्ये 'स्टॉक नाही' असं मोघम बोलण्याऐवजी 'काल कुर्त्यात एल साइजसाठी 11 गिऱ्हाइकं परत गेली' असं सांगा. त्याला तो आकडा वर पाठवता येतो, आणि तुमच्यावरचा रोख जरा हलतो.

गिऱ्हाइकासमोर सुरू झालं तर वाद नको, गप्पही नको. 'सर, यांचं बिल करून पाच मिनिटांत बॅकरूमला येतो, तिथे बोलू' एवढं एकच वाक्य, नेहमीच्या आवाजात. बॅकरूममध्ये गेलात तर दार उघडं ठेवा. शिवी आली तर 'चूक सांगा, दुरुस्त करतो. आईबापावर जाऊ नका'. त्यापुढे स्पष्टीकरण देत बसू नका, तिथेच माणूस घसरतो. दोन प्रकार मात्र या 'सांभाळून घ्या'त बसत नाहीत. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान झाला तर 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली थेट पोलीस ठाणं. महिला सहकाऱ्याला लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार. मुदत तीन महिन्यांची, समितीला योग्य कारण पटलं तर आणखी तीन. तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आता काउंटर. अडचणीतल्या दुकानात पहिला बळी इथे जातो. तुमच्या लॉगिनवर मॅनेजरने केलेला रिटर्न, व्हॉइड (रद्द केलेलं बिल) किंवा जादा डिस्काउंट ऑडिटला तुमच्या नावाने दिसतो. पासवर्ड कुणाला सांगू नका, पाणी प्यायला गेलात तरी लॉगआउट करा. 'घाई आहे, तुझ्यावरूनच मार' असं म्हणाले तर त्याच मिनिटाला मेसेज टाका: 'सर, बिल क्रमांक अमुक, तुमच्या सांगण्यावरून रिटर्न घेतला.' शिफ्टच्या सुरुवातीला फ्लोट, म्हणजे गल्ल्यात आधीच दिलेली रोकड, नोटांच्या प्रकाराप्रमाणे मोजून कागदावर लिहा: पाचशेच्या किती, शंभरच्या किती, सुटे किती. देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या. एका गल्ल्यावर एका शिफ्टला दोन माणसं बसत असतील तर शॉर्ट कुणाचा हे ठरवताच येत नाही, म्हणून गल्ला बदलताना मधलीसुद्धा मोजणी हवी. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं. घोळ झाला तर त्याच दिवशी ते जपून ठेवायला लेखी सांगा.

श्रिंकेज सगळ्यांत सारखं वाटून कापणं हे सर्रास चालतं, आणि ते चुकीचं आहे. पूर्वी 1936 चा वेतन कायदा होता, 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी वेतन संहिता, 2019 आली. तत्त्व दोन्हींत तेच. माल किंवा रोकड खास तुमच्या ताब्यात दिलेली असेल, नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, आणि तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिली असेल, तरच कपात. ट्रायल रूममधून गेलेला टी-शर्ट 34 जणांच्या ताब्यात 'दिलेला' नसतो. दंड असेल तर त्या महिन्याच्या वेतनाच्या 3 टक्क्यांपर्यंत, आणि सगळ्या कपाती मिळून 50 टक्क्यांच्या वर नाही. भांडू नका, मेल करा: 'माझ्या या महिन्याच्या पगारातून अमुक रुपये कापले आहेत, कारण आणि आदेशाची प्रत मिळावी.' असा मेल गेला की पुढच्या महिन्याची कपात पुष्कळदा आपोआप गायब होते, कारण आदेश नावाचा कागद मुळात नसतोच.

तासांचंही तसंच. आठवड्याला 48 तास, वर गेलं की दुप्पट दराने ओव्हरटाइम, आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी. वीक ऑफ मोडला तर बदली सुट्टी दोन महिन्यांत. हे 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आहे. बायकांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर त्यांची संमती हवी आणि घरी सोडायची सोय हवी. शटर पडल्यावर 'जरा फोल्डिंग करून जा' म्हणत शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल चुकवायला लावणं यात बसत नाही. रोस्टरचा (शिफ्टच्या वेळापत्रकाचा) फोटो दर आठवड्याला काढून ठेवा. फक्त आपला रोस्टर, आपली हजेरी, आपली स्लिप. सेल रिपोर्ट किंवा गिऱ्हाइकांचे नंबर स्वतःच्या मेलवर पाठवलेत तर तुमच्यावरच कारवाईला निमित्त मिळेल.

दुकान खरंच बुडतंय का, हे मॅनेजरच्या चेहऱ्यावरून ओळखू नका. पीएफचं पासबुक उघडा. गेल्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात दोन महिने नोंद नाही, तर पुढची नोकरी आजच शोधायला लागा आणि पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा. सोडून गेलेल्यांच्या जागा न भरणं, वेंडरचा माल येणं थांबणं, दुपारी एसी बंद ठेवणं हे त्याच्या मागोमाग येतंच.

तक्रार करायची तर एचआरला एका पानात. तीन प्रसंग: तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. 'मानसिक छळ' वगैरे विशेषणं नकोत, शब्द जसेच्या तसे लिहा. शेवटी काय हवंय ते एक वाक्य: रिपोर्टिंग बदला, किंवा कापलेले पैसे परत करा. चार जणांनी वेगवेगळं, आपापल्या प्रसंगांचं लिहिलं तर एका सामूहिक पत्रापेक्षा जड जातं. सामूहिक पत्रात 'पुढारी कोण' हाच शोध सुरू होतो. थर्ड पार्टीवाल्या, म्हणजे एजन्सीमार्फत लागलेल्या मुलांनी एजन्सीला लिहून स्टोअरच्या एचआरला प्रत द्यावी, नाहीतर दोघंही हात वर करतात. पंधरा दिवसांत हालचाल नसेल तर ठाण्यातलं कामगार उपायुक्त कार्यालय; अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

राजीनाम्याबद्दल मात्र अजिबात लवचिक राहू नका. रागात, किंवा 'तारीख मी टाकतो, तू सही कर' म्हटल्यावर सही करायची नाही. कंपनीने कामावरून कमी केलं तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळते. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची तीन वर्षं, 45 दिवस. राजीनामा दिलात की हे सगळं गेलं. तो मागण्याचं कारणही बऱ्याचदा तेच असतं. 'पनवेलला बदली करीन' ही धमकी आली तर लेखी आदेश मागा आणि नेमणूकपत्रातलं बदलीचं कलम वाचून ठेवा.

दुसरी नोकरी हातात आल्यावर स्वतःहून सोडणार असाल तर आधी यूएएनचं (पीएफच्या कायम क्रमांकाचं) केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, पूर्ण करा, गल्ला आणि युनिफॉर्म जमा केल्याची पोच घ्या. नव्या वेतन संहितेप्रमाणे पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवा. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकली नाही तर दोन महिन्यांनी ती स्वतः टाकता येते. आणि मुलाखतीत जुन्या मॅनेजरबद्दल काही बोलू नका. ठाणे, वाशी, सीवूड्सचे एरिया मॅनेजर एकमेकांना ओळखून असतात. 'स्टोअरला माल येणं कमी झालंय' एवढं कारण त्यांना पुरतं.